उपटण्याआधी नाव विचारा

पिवळा धोतरा तुम्ही पाहिलेला आहे, नाव माहीत नसलं तरी. हायवेच्या कडेला टाकलेल्या मुरुमाच्या ढिगावर, अर्धवट सोडलेल्या प्लॉटमध्ये, ओढ्याच्या वाळूत. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाकी सगळं करपायला लागलेलं असतं आणि निळसर हिरव्या काटेरी पानांवर पातळ कागदासारखं लख्ख पिवळं फूल उभं असतं. फोटो छान येतो. देठ मोडला तर हळदीच्या पाण्यासारखा पिवळा चीक येतो आणि बोटाला काटा लागतो, तो वेगळाच.

माझं आजोळ जत तालुक्यात, पूर्वेच्या अंगाला. तिथल्या गायरानावर गेल्या काही वर्षांत हा धोतरा फार दिसतो. तो काढला पाहिजे, यावर गावात कुणाचा वाद नाही. वाद नसलेल्या गोष्टींकडे आपण नीट बघत नाही. 'हा काटा परदेशी आहे, म्हणून उपटायचा', असं गावातली तरुण मुलं म्हणतात, मोबाइलवरच्या पोस्टमध्येही हेच वाक्य असतं. मला धोतऱ्याबद्दल जितकं बोलायचं आहे, तितकंच या वाक्यातल्या 'म्हणून' या शब्दाबद्दल.

एकसारखे न दिसणारे काटे

आधी ओळख. कारण या प्रश्नातली निम्मी नीती ओळखण्यातच आहे.

पिवळा धोतरा नावाने धोतरा असला, तरी धोतऱ्याच्या कुळातला नाही. तो अफू-खसखशीच्या कुळातला. मूळचा मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातला. लिनियसने १७५३ साली त्याचं 'आर्जेमोनी मेक्सिकाना' असं नामकरण केलं, म्हणजे गावाचं नाव आडनावातच आहे. आपल्याकडची काही नावंही तेच सांगतात: बिलायत, फिरंगी धोतरा. हिंदीत तर थेट सत्यानाशी. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. पानांवर शिरांच्या बाजूने पांढरट पट्टे, पानाच्या प्रत्येक टोकाला काटा, पिवळं फूल, पिवळा चीक आणि फुलानंतर येणारं काटेरी बोंड. बोंड वाळलं की वरच्या टोकाला उकलतं. आत मोहरीसारखं काळं, बारीक, शेकड्यांनी बी.

त्याच माळावर उटकटारा असतो. तोही काटेरी, इतका की पायात चप्पल असली तरी माणूस वळसा घालून जातो. पण त्याचं फूल म्हणजे निळसर पांढऱ्या काट्यांचा गोल चेंडू, आणि पान उलटं केलं की खालून कापूस लावल्यासारखं पांढरं. तो सूर्यफुलाच्या कुळातला आणि इथलाच, कोरड्या माळांचा जुना रहिवासी. उंट त्याला खातात म्हणून उंटकटारा, असं नाव सांगतात. तिसरी भुईरिंगणी. जमिनीला चिकटून पसरलेली, पिवळ्या सरळ काट्यांची, जांभळ्या फुलांची, दशमुळांमधली एक. तीही इथलीच.

चौथा काटा तर आपण स्वतः पेरतो. करडई. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ती उटकटाऱ्याची भावकी. ज्वारीच्या रानाभोवती करडईच्या ओळी घालायच्या, म्हणजे जनावर आत शिरत नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. कोवळी असताना तिची भाजी, पिकली की तेल. करडईच्या काट्याला कुणी काटा म्हणून नावं ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही.

मागे आजोळच्या गावात पोरांनी एका रविवारी गायरान साफ करायचं ठरवलं. उत्साह खरा होता, हेतूही चांगला होता. फोनवर एक फोटो आला होता, त्यावर 'हे तण दिसेल तिथे उपटा' असं लिहिलेलं. दुपारपर्यंत बांधाकडेला एक मोठा ढीग झाला. त्यात पिवळा धोतरा होता, उटकटारा होता, भुईरिंगणी होती आणि बोरीची कोवळी झुडपंही होती. जे टोचलं ते उपटलं, इतका साधा नियम. माझ्या मामाकडे माडग्याळ जातीच्या मेंढ्या आहेत. संध्याकाळी त्याने तो ढीग काठीने चाळला.

"आरं, ह्यो तर उटकटारा हाय. ह्येला कशाला उपटला? ह्यो हितलाच हाय."

मी विचारलं, "आणि हा पिवळा? हा बाहेरचा ना?"

"आसंल बाहेरचा. मी जन्मलो तवापास्नं हितंच बघतोय. माझ्यासाठी त्यो बी हितलाच. पर त्यो गवताला जागा देईना, आन् मेंढरू त्येला तोंड लावंना. म्हणून काढायचा."

मामाच्या बोलण्यातही 'म्हणून' आहे. पण पोस्टमधला 'म्हणून' आणि मामाचा 'म्हणून' वेगळ्या गोष्टींकडे बोट दाखवतात. एक विचारतो, तू कुठून आलास. दुसरा विचारतो, तू इथे काय करतोस. मला वाटतं, परक्या वनस्पतींबद्दलचा सगळा नैतिक प्रश्न या दोन विचारण्यांमध्ये पसरलेला आहे.

ठेचा कुठला, भाकरी कुठली

'कुठून आलास' हा निकष लावायचा ठरवला, तर तो प्रामाणिकपणे लावावा लागेल. मग सुरुवात ताटापासून करू. मिरची मेक्सिकोच्या बाजूची, म्हणजे पिवळ्या धोतऱ्याची गाववाली. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. मका, टोमॅटो, बटाटा, पेरू, सीताफळ सगळे अमेरिका खंडांतून आलेले. जतच्या माळावर ज्या डाळिंबाने अनेकांची घरं उभी केली, त्याचं मूळ इराणच्या बाजूला. आणि जी आपल्याला मातीइतकी आपली वाटते, ती ज्वारी आफ्रिकेतून आलेली आहे, काही हजार वर्षांपूर्वी. बाजरीही तिकडचीच. शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि भाकरी हे ताट मूळ गाव विचारत बसलं, तर ताटात मीठ तेवढं उरेल.

यावर कुणी म्हणेल, ज्वारीला हजारो वर्षं झाली, धोतऱ्याला तितकी झाली नाहीत. ठीक. पण मिरचीलाही पोर्तुगीजांच्या मागून येऊन पाचशेच वर्षं झालीत. तेवढ्यात ती आपली झाली. मग आपलं होण्यासाठी किती वर्षं लागतात, हे ठरवायचं कुणी? धोतऱ्यालाही आपण एका अर्थाने आपलं केलेलंच आहे. आयुर्वेदातल्या 'स्वर्णक्षीरी' या जुन्या संस्कृत नावाखाली आज अनेक ठिकाणी हाच पिवळ्या चिकाचा मेक्सिकन वापरला जातो. त्वचेच्या तक्रारींसाठी गावोगाव त्याचा चीक लावतात. तिकडे आफ्रिकेतल्या माली देशात त्याच्या काढ्याचा मलेरियावर रीतसर अभ्यास झालेला आहे. पाहुण्याला संस्कृत नाव आणि औषधाच्या डब्यात जागा देऊन झाल्यावर त्याला परका म्हणून हाकलणं जरा अवघड जातं.

शास्त्रज्ञांमध्येही हा वाद झालेला आहे. २०११ साली 'नेचर' या नियतकालिकात मार्क डेव्हिस आणि त्यांच्या १८ सहकाऱ्यांनी लिहिलं, की प्रजातींना त्यांच्या जन्मस्थानावरून जोखू नका, त्यांच्या परिणामांवरून जोखा. त्याला डॅनियल सिम्बरलॉफ यांच्यासह शंभराहून जास्त शास्त्रज्ञांनी सह्या करून उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं साधारण असं, की आम्ही जन्मस्थानावरून जोखत नाहीच. पण बाहेरून आलेल्या प्रजातीचा त्रास पुष्कळदा उशिरा दिसतो, आणि दिसेपर्यंत थांबलं तर हातातून वेळ गेलेली असते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. २०२३ साली आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय मंचाने एक मोठा अहवाल दिला. त्यानुसार माणसाने जगभर इकडून तिकडे नेलेल्या प्रजाती ३७,०००हून जास्त आहेत, आणि त्यांतल्या ३,५००हून जास्त घातक ठरल्या आहेत. म्हणजे ढोबळमानाने दहातली एक. नऊ निमूट राहतात किंवा उपयोगीही पडतात. पण ती दहावी भारी पडते.

म्हणजे जन्मस्थान हा पुरावा नाही. फार तर ती सावध होण्याची खूण आहे. नवी वनस्पती दिसली तर जास्त लक्ष ठेवावं, इतकंच ते सांगतं. शिक्षा त्यावरून ठरत नाही.

आणि 'देशी म्हणजे चांगलं' हेही तपासून घ्यावं. मेंढपाळाला विचारा, माळावरचं कोणतं गवत त्याला नकोसं वाटतं. तो कुसळीचं नाव घेईल. अस्सल इथलं गवत. कोवळं असताना जनावर खातं, पण बी धरलं की त्याचं कुसळ मेंढीच्या लोकरीतून कातडीत घुसतं, जखमा करतं. तरी कुणी 'कुसळमुक्त माळ' अशी मोहीम काढत नाही, कारण कुसळी माळाला धरून ठेवते, तिच्या शेजारी मारवेल आणि पवन्याही जगतात. मामा तिला शिव्या देतो आणि तिच्यासोबत राहतो.

जतमध्ये हा प्रश्न विचारताना

जतमध्ये 'तू कुठला' हा प्रश्न नुसता वनस्पतींपुरता राहत नाही. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा हा तालुका विजापूर आणि बेळगावला लागून आहे. माझी आजी स्वप्नं कोणत्या भाषेत बघायची, ते तिलाच ठाऊक. सुनेशी मराठी, बहिणीशी कन्नड, आणि मेंढरांशी दोन्हींच्या मधलं काहीतरी. गुड्डापूरला दानम्मा देवीच्या दर्शनाला दोन्ही राज्यांतली माणसं येतात, तेव्हा कुणी सीमा ओलांडल्यासारखं चालत नाही.

सरकारी कागदावर मात्र या मातीचं गाव सारखं बदलत आलं. जतच्या डफळे घराण्याचं वतन विजापूरच्या आदिलशाहीच्या काळातलं. १९४८च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झालं. १९४९मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्यात जत आलं. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत शेजारचं विजापूर म्हैसूर राज्यात गेलं, आणि काल जी जिल्ह्याची हद्द होती ती राज्याची हद्द झाली. १९६०मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. या सगळ्यात माळ जागचा हलला नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतच्या गावांचा विषय काढला आणि काही दिवस टीव्हीवर आम्हीच बातमी होतो. त्या दाव्यामागे गावांचे काही वर्षांपूर्वीचे ठराव होते. पाणी मिळत नाही म्हणून रागाने केलेले. महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या लोकांनी फेसबुकवर आमच्यावतीने भांडून घेतलं. गावातल्या माणसाचा प्रश्न तेवढ्यापुरता होता, की म्हैसाळचं पाणी येणार कधी.

मी हे का सांगतोय? कारण मूळ गाव विचारून माणसांची छाटणी करणारी भाषा आणि तणांची भाषा एकमेकींकडून शब्द उसने घेतात. 'घुसखोर', 'फोफावले', 'मुळासकट उपटा' हे शब्द आज झाडांसाठी वापरले, की उद्या ते तोंडात तयार असतात. उलटंही होतं. गाजर गवताला आपण अजून 'काँग्रेस गवत' म्हणतो. ते अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतल्या गव्हातून आलं, ही गोष्ट प्रत्येकाला पाठ असते. पण पुण्यात ते दिसलं १९५५च्या सुमारास, आणि भारताचा पीएल-४८०चा करार झाला ऑगस्ट १९५६मध्ये. त्याआधीही परदेशी गहू येत होता, त्यातून ते आलं असेल. रॉक्सबर्गच्या १८१४च्या कलकत्त्याच्या बागेच्या यादीतही ही वनस्पती असल्याचं अभ्यासक दाखवतात. बी नेमकं कसं आलं यापेक्षा दोष कुणाला द्यायचा याची गोष्ट आपल्याला जास्त आवडली, म्हणून ती टिकली.

गाजर गवताची पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. त्याला खायला १९८०च्या दशकात बंगळुरात एक भुंगेरा आणून सोडला, झायगोग्रामा नावाचा. तो कुठला? मेक्सिकोचाच. परक्या गवतावर परका किडा. पुढे तो सूर्यफुलावरही दिसल्याने शेतकरी आणि शास्त्रज्ञ काही काळ काळजीत पडले होते. तेव्हा त्या किड्याबद्दलचा प्रश्न तो कुठला हा नव्हताच. तो काय खाईल, हा होता. म्हणजे काम करताना आपण सगळे मामासारखाच विचार करतो. पोस्ट लिहितानाच विसरतो.

धोतरा नेमकं काय करतो

तर मग मामाचा प्रश्न घेऊ. हा इथे काय करतो?

जनावर त्याला खात नाही. चीक कडू, पान काटेरी. त्यामुळे माळावर जितकी चराई जास्त, तितका त्याचा फायदा: मारवेल खाल्ली जाते, पवन्या खाल्लं जातं, हा राहतो. पुढच्या वर्षी रिकाम्या जागेत याचंच बी. असं चार-पाच वर्षं झालं, की मेंढीला तेवढ्याच चाऱ्यासाठी दुप्पट चालावं लागतं. वाळलेला धोतरा कडब्यात-गवतात गेला तर जनावराला अपाय होतो.

माणसालाही. त्याचं बी मोहरीसारखं दिसतं, आणि मोहरीच्या तेलात त्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं, चुकून किंवा मुद्दाम, की सँग्विनारिन नावाचं विष पोटात जातं. पाय सुजतात, दम लागतो, हृदयावर ताण येतो, डोळ्यांत काचबिंदू होतो. या आजाराची साथ कलकत्त्यात १८७७ साली नोंदली गेली. १९९८मध्ये दिल्लीत अशी मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले आणि साठाहून जास्त माणसं दगावली. गंमत अशी, की 'आर्जेमोनी' हे नाव डोळ्यातल्या फुलावरच्या औषधाशी जोडलेल्या ग्रीक शब्दावरून आलंय, आणि त्याच्याच तेलाने डोळे जातात. म्हणून कुणी डोळ्यात चीक घालायला सांगितला तर घालू नये.

इथपर्यंत धोतऱ्याविरुद्धचा पुरावा भक्कम आहे. पण न्याय करायचा तर आणखी एक गोष्ट विचारावी लागते. तो इथे आला कसा आणि पसरला कसा?

त्याच्या बियांना उटकटाऱ्यासारखे केस नाहीत, रुईसारखी म्हातारी नाही. वाऱ्यावर ते फार लांब जात नाही. बोंड उकललं की बी आईच्या पायाशी पडतं. तिथून पुढे जातं ते वाहत्या पाण्याने, वाळूने, मुरुमाने, ट्रॅक्टरच्या चाकाच्या चिखलाने. रस्ता रुंद झाला की दुसऱ्या वर्षी कडेला धोतरा. पवनचक्कीसाठी माळावर वाट काढली की त्या वाटेने धोतरा. ओढ्यातून वाळू उपसून टाकली की त्या ढिगावर धोतरा. त्याला उघडी, चाळवलेली माती लागते. गच्च गवतात तो फारसा उगवत नाही.

म्हणजे जिथे धोतरा आहे तिथे आधी कुणीतरी माती उघडी केलेली आहे, हे जवळजवळ धरून चालावं. मेंढपाळाला जास्त चराईचा दोष देणं सोपं असतं. पण गायरान आक्रसलं ते त्याने आक्रसवलेलं नाही. कुठे अतिक्रमण, कुठे रस्ता, कुठे प्रकल्प, कुठे खड्डे खणून केलेली झाडांची लागवड. उरलेल्या तुकड्यावर तीच मेंढरं. सरकारी नोंदीत अशा गवताळ, झुडपी जमिनी 'पडीक' या सदरात जातात, आणि पडीक म्हटलं की कुणीही काहीही करायला मोकळा. खरं तर हा माळ पडलेला नाही, कायम कामावर आहे. २०२५मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी वाङ्मयातल्या झाडाझुडपांचे उल्लेख गोळा करून दाखवलं, की दख्खनचे हे काटेरी झुडपांचे गवताळ प्रदेश निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही असेच होते. जंगल तोडून झालेलं ओसाड रान म्हणून ज्याला आपण बघतो, तो इथला मूळचा निसर्ग आहे. काट्यांसकट.

पण जबाबदारी आपली आहे म्हणून धोतऱ्याला राहू द्यायचं का? असं म्हणणारेही भेटतात: त्याची काय चूक, आपणच आणला. त्याची चूक नाही, हे खरंच. मात्र इथे गल्लत होते. चूक असली तरच काढायचं, असं आपण धरून चालतो. म्हणून काढायचं ठरलं की त्याला आधी गुन्हेगार करावं लागतं. घुसखोर, राक्षस, सत्यानाशी. वनस्पतीला गुन्हा करता येत नाही. तिला काढण्यासाठी तिचा द्वेष करण्याची गरज नाही, जसं ज्वारीतलं गवत खुरपणाऱ्या बाईला गवताचा राग नसतो. ती ज्वारीची बाजू घेते. तेवढं कारण पुरतं.

खुरपं कुणाच्या हातात

बाजू घेणं म्हणजे काय, ते कामाच्या तपशिलात कळतं.

धोतरा पावसाळा सरता सरता उगवतो. थंडीत तो जमिनीलगत पानांचा गोल पसरून बसतो, तेव्हा त्याला काढणं सर्वांत सोपं. खुरप्याने किंवा छोट्या कुदळीने गड्ड्याच्या खाली, मुळाचा सोट कापावा लागतो. नुसता वरून विळा मारला तर तो खालून पुन्हा फुटतो. फुलं यायच्या आत केलं तर उपटून जागेवर टाकलं तरी चालतं. बोंडं धरल्यावर मात्र पोत्यात भरून न्यावं लागतं, कारण उपटलेल्या झाडावरही बी पिकतं. माझ्या आजोळचा तो ढीग बांधाकडेला तसाच राहिला होता. पुढच्या पावसानंतर त्या जागी धोतऱ्याची हिरवी चादर होती. आणि हे एका वर्षाचं काम नाही. मातीत पडलेलं बी काही वर्षं वाट बघत राहतं. सलग तीन-चार हिवाळे त्याच जागी परत जावं लागतं.

त्यानंतरची पायरी मोहिमेच्या फोटोत येत नाही: रिकामी झालेली जागा भरायची. मारवेलचं बी किंवा ठोंबं लावायची, आणि तेवढ्या पट्ट्यावर एक पावसाळा जनावर सोडायचं नाही. गवत धरलं की अर्धं काम गवतच करतं.

इथे खरा नैतिक पेच आहे, आणि तो परका-देशी यापेक्षा अवघड आहे. एक पावसाळा चराई बंद म्हटलं, की ती कुणाची बंद? ज्याच्याकडे बागायत आहे, त्याची जनावरं गोठ्यात उसाचं वाढं खातात. गायरानावर येतात ती ज्याला रान नाही त्याची मेंढरं. म्हणजे माळ सुधारण्याचा फायदा सगळ्यांचा आणि खर्च सर्वांत गरिबाचा. तणनाशक फवारायचा पर्याय पुढे येतो तेव्हाही तेच. वेळ वाचतो, पण चुकीचं औषध धोतऱ्यासोबत गवतही जाळतं, आणि नंतर जनावर कुठे न्यायचं हा प्रश्न फवारणाऱ्याला पडत नाही. खुरपणी स्वस्त पडते असं आपण म्हणतो, तेव्हा ती बहुतेक बायका करतात आणि त्यांच्या मजुरीचा दर कमी असतो, एवढाच त्याचा अर्थ असतो. काट्यातलं काम आहे. हातमोजे नसले तर हातात आठवडाभर काटे राहतात.

त्यामुळे गायरानावरचा धोतरा काढायचा की नाही, हा प्रश्न मला आता फारसा अवघड वाटत नाही. काढावा. अवघड आहे ते पुढचं: कोणता पट्टा आधी, कुणाची मेंढरं तोवर कुठे, चारा कोण देणार, मजुरी कशातून, आणि हे ठरवताना ग्रामसभेत मेंढपाळ बसलेला आहे का. 'परदेशी आहे म्हणून उपटा' हे वाक्य या सगळ्यावरून उडी मारून जातं, म्हणून ते लोकप्रिय आहे. त्यात कुणालाच काही द्यावं लागत नाही. 'गवताला जागा देईना म्हणून काढायचा' या वाक्यात मात्र आपण गवताला शब्द देऊन बसतो. मग ती जागा गवतासाठी राखावी लागते, आणि ती राखताना जो उपाशी राहील त्याचीही सोय बघावी लागते.

काही जणांना यात भूतदयेचा प्रश्न दिसेल. भर उन्हाळ्यात धोतऱ्याच्या फुलांवर मधमाश्या परागासाठी येतात, मी बघितल्या आहेत. धोतरा गेला की त्यांचं थोडं नुकसान होणारच. ते नाकारू नये. कोणतंही काढणं पूर्ण निर्मळ नसतं. म्हणून बोर राखायची, उटकटारा राखायचा, ज्यावर त्या माश्यांना आणि फुलपाखरांना बसता येईल. उपटण्याइतकंच न उपटणंही ठरवून करावं लागतं, आणि त्यासाठी झाडं ओळखता यावी लागतात.

तुमच्या फोनमध्ये झाडाचा फोटो काढला की नाव सांगणारी ॲप आहेत. वापरा, चांगली आहेत. पण ती नाव सांगतात, फार तर मूळ देश सांगतात. ते झाड त्या माळावर काय करतंय, हे त्यांना कळत नाही. ते तिथे रोज चालणाऱ्या माणसाला विचारावं लागतं. जतसारख्या ठिकाणी तो माणूस तुम्हाला कदाचित कन्नडमध्ये उत्तर देईल. तेही समजून घ्यावं, आणि मग खुरपं हातात घ्यावं.